आवक क्रमांक चव्वेचाळीस

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लोखंडाची कुठलीही जुनी वस्तू माझ्या हातात द्या, ती कशासाठी घडवली होती हे मी डोळे मिटून सांगेन. कुणाला माणसं ओळखता येतात, कुणाला आवाजावरून गाडी ओळखता येते, मला हत्यारं ओळखता येतात. ही देणगी आहे. ती माझ्याकडे कुठून आली ते कळत नाही, कारण आमच्या वडिलांना साधा खिळा सरळ ठोकता येत नसे.

मी ऑफिसात आवक-जावक टेबलावर बसतो. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा, हे माझं काम. हीच शिस्त मी घरीही आणली. आमच्या मागच्या खोलीत माझा हत्यारांचा संग्रह आहे. म्हणजे होता. प्रत्येक वस्तूला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर आवक क्रमांक आणि वस्तूचं नाव. 'क्र. ९, जोडे शिवणाऱ्याची रापी, डावखुऱ्यासाठी.' 'क्र. १७, घोड्याचे दात तपासायचा चिमटा.' 'क्र. ३१, धोब्याची मोगरी, धोबी बहुधा श्रीमंत.' अशा त्रेचाळीस वस्तू. लोक पैसे देऊन संग्रहालयं बघायला जातात आणि आमच्या घरच्यांना फुकट संग्रहालयाची किंमत नाही.

"तुमच्या खोलीत नुसती आवक आहे," बायको म्हणायची. "जावक कधी सुरू होणार?"

मी हसून सोडून द्यायचो. खरं सांगायचं तर ती खोली माझा जीव की प्राण होती. ऑफिसात माझ्यावर साहेब आहे, घरात बायको आहे, जिन्यात सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्या खोलीत मात्र मी सांगेन तेच खरं होतं. मी रापी म्हटलं की रापी, चिमटा म्हटलं की चिमटा. लोखंड उलटून बोलत नाही.

माझी सगळी खरेदी एकाच दुकानातून होते. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत जुन्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदार मोठा चिवट माणूस, एका पैशाने खाली येणार नाही. पण रविवारी दुपारी दोन ते तीन तो जेवायला घरी जातो आणि खुर्चीवर त्याचे सासरे बसतात. आजोबांची नजर अधू आणि मन मोठं. दुकान मूळचं त्यांचंच. आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाता कामा नये, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. तुम्ही काहीही उचला, ते किंमत सांगणार. तुम्ही निम्मी करा, ते मान डोलावणार. म्हणून मी दर रविवारी बरोब्बर दोन वाजून पाच मिनिटांनी तिथे असतो. यात लबाडी नाही, वेळेचं नियोजन आहे.

त्या रविवारी खुर्चीच्या मागे, एका खिळ्याला ती वस्तू टांगलेली दिसली. हातभर लांबीचा काळा दांडा. एका टोकाला चौकोनी पोकळ तोंड, दुसऱ्या टोकाला वाकडा आकडा आणि मधोमध आडवी लाकडी मूठ, हाताळून हाताळून अगदी गुळगुळीत झालेली.

"काय आहे हो हे, आजोबा?"

"तुम्हीच सांगा. यातलं तुम्हाला कळतं, मला काय."

एवढं कौतुक माझं घरी दोन वर्षांत झालं नव्हतं. मी लगेच विकत घेतली.

घरी आलो, पुठ्ठा कापला, सुतळी ओवली, 'क्र. ४४' लिहिलं आणि पेन थांबलं. आकडा बघावा तर काहीतरी ओढायचं हत्यार वाटे. चौकोनी तोंड बघावं तर काहीतरी फिरवायचं. आणि मूठ बघावी तर दोन्ही करणारा माणूस एकाच वेळी काय करत असेल ते कळेना. मी वस्तू उलटी धरली, आडवी धरली, कानाशी नेऊन वाजवली.

बायको दाराशी कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. मागे मुलगी, हातात कायद्याचं जाडजूड पुस्तक. तिची परीक्षा महिन्यावर आली होती आणि ती अभ्यास करायची स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाशी, स्टुलावर बसून.

"ओळखू येत नाही वाटतं," बायको म्हणाली.

"येतंय. नाव जिभेवर आहे."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तू ही खोली मला महिनाभर देशील का? मी कराराचा कायदा वाचते तेव्हा आई वाटण वाटत असते. आता मला मिक्सर चालू असल्याशिवाय एक कलम आठवत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मी मिक्सर कुठून आणू?"

"अगं, पण या सगळ्या उपयोगाच्या वस्तू आहेत. त्या हलवायच्या कुठे?"

उपयोगाच्या हा शब्द माझ्या तोंडून निघायला नको होता. बायकोने पदर खोचला. ती पदर खोचते तेव्हा आमच्या घरात काहीतरी जागचं हलतं, असा अनुभव आहे.

"ठीक आहे. पैज लावू. पुढच्या रविवारपर्यंत या वस्तूचं नाव सांगा आणि ती कुणाच्या उपयोगाची आहे ते दाखवा. दाखवलंत तर खोली तुमची, मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. नाही दाखवलंत तर रविवारी संध्याकाळी भंगारवाला."

मी पैज घेतली. मुलीकडे मात्र बघितलं नाही.

सोमवारी मी वस्तू पिशवीत घालून ऑफिसात नेली. आमच्या हिशेब शाखेत एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे विश्वकोश म्हणतात. त्यांना माहीत नाही असा विषय नाही आणि त्यांना खात्री नाही असा एकही विषय नाही. त्यांनी वस्तूकडे बघितलं न बघितलं तोच निकाल दिला.

"बूट काढायचं साधन. पूर्वीचे अधिकारी गुडघ्यापर्यंत बूट घालायचे. वाकता यायचं नाही. हा आकडा टाचेत अडकवायचा आणि मुठीला धरून ओढायचं."

"आणि चौकोनी तोंड?"

"ते शोभेला."

मला जरा शंका आली, पण विश्वकोशांनी स्वतःचा पाय पुढे केला होता. आकडा टाचेत अडकवला, मी मुठीला धरून ओढलं. बूट काही निघाला नाही. टाच निघाली. नुसती टाच नाही, तिच्या मागोमाग अख्खा तळवा, पाकीट उघडावं तसा. त्या दिवशी विश्वकोश एका पायाने उंच आणि एका पायाने ठेंगणे असे साहेबांच्या मीटिंगला गेले आणि परत आल्यावर त्यांनी माझ्या एकाही कागदाची पोच दिली नाही.

बुधवारी मी तळमजल्यावरच्या निवृत्त डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वस्तू हातात घेतली, वजन बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"निखळलेला खांदा बसवायचं जुनं साधन दिसतंय. मूठ काखेत धरायची, आकडा दंडाला लावायचा. दाखवू का करून?"

"माझा खांदा जागेवर आहे, डॉक्टर."

"तो काय, काढता येईल."

ते हे चेष्टेत म्हणाले असावेत. पण निवृत्तीनंतर त्यांना बारा वर्षांत पेशंट मिळालेला नाही, हे लक्षात घेऊन मी वस्तू काढून घेतली आणि जिना चढलो.

गुरुवार कोरडा गेला. रात्री जेवताना बायकोने सहज विचारलं, भंगारवाला मोजून नेतो की वजनावर. खोली जाणार, हे मला पहिल्यांदाच खरं वाटलं. त्रेचाळीस चिठ्ठ्या मी माझ्या अक्षरात लिहिल्या होत्या. भंगारवाला त्या वाचणारसुद्धा नाही.

मग शुक्रवारी सकाळी दाढी करताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आकडा विसरा, मूठ विसरा. चौकोनी तोंड आहे ना, मग ते बसेल असा चौकोन कुठे आहे? मी अर्ध्या दाढीनिशी जिना उतरलो. इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीखाली मोठा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या माथ्यावर चौकोनी लोखंडी खुंटी. मी आमच्या वस्तूचं तोंड तिच्यावर ठेवलं आणि काय सांगू, एखादं टोपण बसावं तसं ते बसलं! मापात, तसूभरही फट नाही. टाकीखालच्या त्या चिखलात उभं राहून मला अक्षरशः भरून आलं.

खात्रीसाठी मी अर्धा फेरा फिरवला. फिरलं. अजून अर्धा फिरवला. तेही फिरलं. तिसऱ्या अर्ध्याला आतून 'कट' असा बारीक आवाज आला आणि त्यानंतर खुंटी दोन्ही बाजूंनी कितीही फिरायला लागली. मी वस्तू काढून घ्यायला गेलो तर ती निघेना. इतकी मापात बसली होती.

वरून पहिली हाक तिसऱ्या मजल्यावरून आली, दुसरी चौथ्यावरून. दोन मिनिटांत सोसायटीचा सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून खाली आला. डोक्याला शाम्पूचा फेस, एक डोळा बंद.

"काका, पाणी तुम्ही बंद केलंत?"

"बंद नाही केलं. ओळखलं."

"काय?"

"ही वस्तू. व्हॉल्व्हची चावी आहे ही. बघा कशी बसली आहे."

त्याने उघड्या डोळ्याने वस्तूकडे बघितलं, मग माझ्या अर्ध्या दाढीकडे. "मग आता ती उलटी फिरवा आणि पाणी सोडा."

"तेवढंच होत नाहीये," मी म्हणालो.

दुपारी प्लंबर आला. तोपर्यंत चार मजल्यांवरची माणसं बादल्या घेऊन शेजारच्या इमारतीत गेली होती आणि जाताना प्रत्येकजण मला बघून जात होता. प्लंबरने तेल सोडून, हातोडीने ठोकून आमची वस्तू मोकळी केली आणि कौतुकाने फिरवून बघितली.

"साहेब, ही व्हॉल्व्हची चावी नाही."

"अहो, पण बसली ना."

"बसायला काय, माझा पायसुद्धा तुमच्या चपलेत बसेल. व्हॉल्व्हच्या चावीला आकडा कशाला लागतो?"

नव्या व्हॉल्व्हचा खर्च माझ्यावर आला तो आलाच, वर सेक्रेटरीने फळ्यावर सूचना लावली: 'रहिवाशांनी जुन्या वस्तू सोसायटीच्या मालमत्तेवर ओळखू नयेत.' ती बायकोने वाचली. मग ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहून टेबल कुठे येईल ते मुलीला हाताने दाखवत होती.

आता एकच रस्ता उरला होता. ज्याने विकलं त्यालाच विचारायचं. हे पहिल्याच दिवशी का केलं नाही, असं तुम्ही विचाराल. विकणाऱ्याला विचारून ओळखलं तर मग ओळखणारा मी कसला? शिवाय दुकानदाराला विचारायचं म्हणजे त्याच्या जेवणाच्या वेळेत त्याच्या सासऱ्यांकडून मी काय भावाने घेतो, हेही बाहेर आलं असतं. पण रविवार उजाडला तेव्हा माझा ताठा सोसायटीच्या पाण्यासारखा गेला होता. सकाळी नऊलाच मी पिशवी घेऊन गल्लीत शिरलो.

दुकान उघडं होतं. दारातच विकायला ठेवलेल्या पलंगावर दुकानदार बनियनवर बसला होता. समोर विकायचा आरसा, गालाला साबण, उशाशी घरून आलेला डबा, आरामखुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला टॉवेल. माणूस आठवडाभर नीट झोपला नसावा.

"काय हवंय?" त्याने आरशातूनच विचारलं.

"हवं काही नाही. एक वस्तू दाखवायची होती." मी पिशवीतून क्रमांक चव्वेचाळीस बाहेर काढला.

त्याच्या हातातला दाढीचा ब्रश खाली पडला. तो तसाच, अर्ध्या साबणाने उठला, माझ्या हातातून वस्तू घेतली, दुकानाच्या उंबऱ्याबाहेर आला, हात वर केला, आकडा शटरच्या कडीत अडकवला आणि मुठीला धरून ओढलं. घडघड घडघड करत शटर खाली आलं. मग त्याने दांडा उलटा करून चौकोनी तोंड शटरमधल्या भोकात घातलं, फिरवलं आणि खट्कन अडसर बसला.

तो शटरला पाठ लावून खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सात दिवस," तो म्हणाला. "सात दिवस मी या दुकानात राहतोय, साहेब. शटर लागत नाही म्हणून. घरी जाता येत नाही, आंघोळ नाही, काही नाही. शटरही जुनंच घेतलेलं, एका पाडलेल्या दुकानाचं. चावी ही एवढी एकच."

"नवी करून घ्यायची."

"गेलो ना लोहाराकडे. तो म्हणतो, जुनी आणून दाखवा, तशीच करून देतो."

एवढ्यात शटरच्या आतून आवाज आला. "कोण आहे? गिऱ्हाईक आहे का? रिकाम्या हाती पाठवू नका हो."

सासरे आत चहा पीत होते. त्यांना आम्ही बाहेर काढलं. दुकानदाराने त्यांच्याकडे बघितलं, मोठा श्वास घेतला आणि तो तसाच गिळला. "सासरे आहेत," तो मला हळूच म्हणाला. "दुकानही त्यांचंच. मी बोलणार काय? त्यांच्या काळात शटर नव्हतं, फळ्या होत्या. ते म्हणाले, नेणारा सज्जन आहे, दर रविवारी येतो, येईलच. त्या एका शब्दावर बसून होतो."

माझी छाती फुगली. केवढी उपयोगाची वस्तू! एका माणसाचं अख्खं घरदार तिच्यावर अडलं होतं. "मला पहिल्या दिवसापासून शंका होतीच," मी म्हणालो. "फक्त एक उपकार करा. आंघोळ करून आमच्या घरी या आणि ही वस्तू किती उपयोगाची आहे ते माझ्या बायकोला तुमच्या तोंडाने सांगा. माझा संग्रहही बघून होईल."

हे शेवटचं वाक्य मी कशाला बोललो, ते मला अजून उमगलेलं नाही.

दुपारी दोघे आले, जावई आणि सासरे. दुकानदाराने बायकोसमोर सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पैज तुम्ही जिंकलात." मुलगी पुस्तक उचलून ओट्याकडे गेली. मला जिंकल्यासारखं जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, पण मी त्याकडे दुर्लक्ष केलं आणि पाहुण्यांना मागच्या खोलीत नेलं.

दुकानदार दारातच थबकला. मग हळूहळू आत शिरला आणि त्याने क्रमांक नऊ हातात घेतला.

"डावखुऱ्याची रापी," मी म्हणालो.

"ही माझ्या शिलाई मशीनची सरकपट्टी आहे," तो म्हणाला. "मशीन दीड वर्ष पडून आहे. पट्टीवाचून कोणी घेत नाही."

त्याने क्रमांक सतरा उचलला. चिठ्ठी दोनदा वाचली. "घोड्याचे दात? साहेब, हा वजनकाट्याचा हात आहे. काटा तेव्हापासून एकाच बाजूला मान टाकून बसलाय." त्याची नजर भिंतीवरून फिरायला लागली तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. "हा पंख्याचा हूक... हे स्टोव्हचं बूड... ही पेटीची कडी... चार वर्षं, चार वर्षं मी डोकं धरून विचार करतोय, माझ्या दुकानातली एकूण एक वस्तू एकाच तुकड्याने अपुरी का असते."

"छान जमवलंय हो," आजोबा वस्तूंवरून हात फिरवत कौतुकाने म्हणाले. "सगळं ओळखीचं वाटतंय."

मी घाम पुसला. दुकानदार क्रमांक एकतीससमोर उभा होता. "ही मोगरी नाही. टेबलाचा पाय आहे. सागवानी टेबल, दोन खण, वर हिरवं कापड. लिहिण्यावाचण्याचं. तीन पायांवर भिंतीला टेकून उभं आहे." मग तो माझ्याकडे वळला. "पण वस्तू तुमच्या आहेत. तुम्ही पैसे मोजलेत. माझी जबरदस्ती नाही."

मागून मिक्सरचा आवाज सुरू झाला, आणि त्या घरघरीवरून मोठ्याने कलम घोकणाऱ्या पोरीचा. मी तो आवाज रोज ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली. घरातल्या एकुलत्या एका मुलीला बसायला जागा नाही आणि मी दुसऱ्याच्या टेबलाचा पाय चिठ्ठी बांधून जपतोय.

"हातगाडी आणा," मी म्हणालो.

सुतळ्या मी माझ्या हाताने सोडल्या. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला गाडी भरून आली ती टेबल घेऊन, चारी पायांवर उभं असलेलं. दुकानदाराने त्याचे पैसे घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत मुलीने त्यावर पुस्तकं मांडली, दार लोटून घेतलं आणि आतून पहिल्यांदा आमच्या घरात कुणाच्या तरी अभ्यासाची शांतता ऐकू आली.

बायको माझ्या शेजारी येऊन बसली. "खरंच हो," ती म्हणाली, "मी उगाच बोलत होते तुम्हाला. तुमची एकूण एक वस्तू उपयोगाची निघाली."

मी कॉलर नीट केली.

"फक्त आपल्याकडून गेल्यावर," ती म्हणाली.

मी पैज जिंकली हे मात्र मी सोमवारी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. खोलीचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.